मीठ किती, हे सासूबाई सांगतच नाहीत

बर्मिंगहॅमहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. माहेर सांगलीचं, घर शाकाहारी. नवऱ्याचा जन्म बर्मिंगहॅमचाच, पण त्याचे आईवडील जमैकाचे. सासूबाईंना पंधराव्या वर्षापर्यंत जमैकात आजीनं वाढवलं. १९६१ साली आईवडिलांनी त्यांना इंग्लंडला बोलावून घेतलं. आता त्या ७९ वर्षांच्या आहेत. गेल्या हिवाळ्यात घसरून पडल्यापासून त्यांना ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. त्यांचा सगळा स्वयंपाक प्रमाणासकट लिहून काढायचा आणि ऐंशीव्या वाढदिवसाला त्याचं छापील पुस्तक त्यांच्या हातात ठेवायचं, असं या मैत्रिणीच्या मनात आहे. पण सासूबाई प्रमाण सांगत नाहीत. विचारलं की "चव येईपर्यंत" एवढंच म्हणतात. नवरा म्हणतो, "कशाला? दुकानात सगळं मिळतं." नणंद म्हणाली, "हे आमचं जेवण आहे. त्याचं पुस्तक तू का काढतेस?" नऊ वर्षांच्या मुलीला पास्ता हवा असतो. शिवाय मासे-मटण ही मैत्रीण स्वतः खात नाही. ज्या जेवणाची मी चव घेत नाही ते मी कसं जपणार, आणि मला तो अधिकार तरी आहे का, असं तिनं विचारलं आहे. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे : "माझी आई गेली, तेव्हा तिचा गोडा मसाला शिकायचा राहून गेला."

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या वहीच्या एका पानाचा फोटो तुम्ही पत्रासोबत पाठवला आहे. वर "राइस अँड पीज", म्हणजे नारळाच्या दुधातला राजमा-भात, असं लिहिलंय आणि खाली ओळीनं राजमा, नारळाचं दूध, थाईम, पातीचा कांदा, मीठ. प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. ते पान बघून मला माझ्याच एका रविवारची आठवण झाली.

दक्षिण लंडनमध्ये मी काही वर्षं राहिले. आमच्या खालच्या मजल्यावर एक जमैकन आजी राहायच्या. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांच्या खिडकीतून नारळाच्या दुधाचा आणि थाईमचा वास वर यायचा. एकदा मी धीर करून खाली गेले आणि शिकवाल का म्हणून विचारलं. राजमा रात्रभर भिजवून शिजवलेला होता आणि त्याचं पाणी गडद तांबडं झालेलं होतं. त्यात नारळाचं दूध, ठेचलेली लसूण, पिमेंटोचे (म्हणजे ऑलस्पाइसचे) चारसहा दाणे आणि देठासकट अख्खी स्कॉच बॉनेट मिरची. मग धुतलेला तांदूळ आत गेला. मी विचारलं, "पाणी किती?" त्यांनी तर्जनी भांड्यात घातली, टोक तांदळाला टेकवलं आणि अंगठ्यानं पहिल्या पेरावरची रेघ दाखवली. "एवढं."

माझी आई राजापूरला याच खुणेनं भात लावायची. बोटाचं एक पेर. तिलाही मी कधीतरी वाटीचं प्रमाण विचारलं होतं आणि तिनंही उत्तरादाखल बोटच दाखवलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट. सासूबाई सांगत नाहीत, असं तुम्हाला वाटतंय. त्या सांगताहेत, पण ते तुमच्या वहीच्या रकान्यात बसत नाही. त्या स्वतः आजीच्या शेजारी उभं राहून शिकल्या, तिथं मोजमाप कानाला, नाकाला आणि बोटाला कळायचं. तुम्ही "किती?" विचारता तेव्हा त्यांच्यापुढं असा प्रश्न येतो, जो त्यांनी स्वतःला आयुष्यात कधी विचारला नाही. त्यांना खरंच ठाऊक नसतं. "चव येईपर्यंत" हे त्यांच्या परीनं प्रामाणिक आणि पूर्ण उत्तर आहे.

तरीही तुम्हाला आकडे हवे असतील तर विचारू नका, मोजा. मिठाची बरणी स्वयंपाकाआधी वजनकाट्यावर ठेवा आणि स्वयंपाक झाल्यावर पुन्हा ठेवा. जो फरक येईल तेवढं मीठ पडलं. तांदळाचं, नारळाच्या दुधाचं, तेलाचं असंच करा. त्यांचा हात अडवायचा नाही, मधेच चमचा पुढे करायचा नाही. तीन रविवार हे केलंत की लक्षात येईल, आकडे दर वेळी थोडे वेगळे येतात. ही तुमची चूक नसेल. राजमा जुना होता, भांडं वेगळं होतं, माणसं जास्त होती. तो फरकही लिहून ठेवा, कारण त्यांचं कसब त्या फरकातच आहे.

व्हिडिओ काढणार असाल तर मोबाइल चेहऱ्यावर धरू नका, हातांवर धरा. चेहऱ्यावर धरला की माणूस सावध होऊन पाहुण्यांशी बोलल्यासारखं बोलायला लागतं. आवाज नीट येऊ द्या. कांदा तेलात पडल्यावर कसा आवाज आला की थाईम घालायचा, हे लिहून कळत नाही. आणि त्या जे शब्द वापरतात तेच टिपा. जाड बुडाच्या त्या भांड्याला त्या "डच पॉट" किंवा "डची" म्हणत असतील. उकडलेली कंदमुळं, हिरवी केळी आणि कणकेचे गोळे यांना मिळून "हार्ड फूड" म्हणत असतील. खाणं या अर्थी जमैकात "न्याम" असा शब्द आहे आणि तो पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांमधून आलेला आहे. तुमच्या वहीत त्याचं "इट" झालं, तर तीनशे वर्षं टिकलेला एक शब्द तुमच्या घरात संपेल.

आता जरा अवघड विषयाकडे येते. पत्रात तुम्ही "अस्सल" हा शब्द चार वेळा वापरला आहे. अस्सल कृती, अस्सल चव, ती बिघडायच्या आत. या शब्दावर तुमच्याशी बोलायला हवं, कारण तुमची निम्मी घालमेल त्यातून आली आहे असं मला वाटतं.

सासूबाईंच्या ॲकी अँड सॉल्टफिशच्या ताटलीकडे बघा. ॲकी हे फळ पश्चिम आफ्रिकेचं. १७७८ च्या सुमाराला ते गुलामांच्या जहाजावरून जमैकात पोचलं आणि आज ते जमैकाचं राष्ट्रीय फळ आहे. त्यातला खारवलेला कॉड मासा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला. उसाच्या मळ्यांचे मालक तो गुलामांना शिधा म्हणून द्यायचे, कारण तो स्वस्त होता आणि उन्हात टिकायचा. शेजारी भाजलेलं नीरफणस असेल तर ते पॅसिफिकमधलं. गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून ब्रिटिशांनी ते मुद्दाम आणवलं. पहिल्या खेपेला १७८९ मध्ये 'बाउंटी' जहाजावर बंड झालं आणि रोपं पोचलीच नाहीत. त्याच कॅप्टन ब्लायनं १७९३ मध्ये दुसऱ्या जहाजातून ती जमैकाला नेली. आणि करी गोट? गुलामगिरी संपल्यावर मळ्यांवर मजूर हवे होते, म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली गेली. पहिलं जहाज कलकत्त्याहून गेलं होतं. हळद-जिऱ्याचा तो मसाला त्यांच्या गाठोड्यातून तिथं पोचला आणि पुढं सगळ्या बेटाचा झाला. आज जमैकात लग्नकार्याला करी गोट नसेल तर चुकल्यासारखं वाटतं.

म्हणजे त्या ताटात लादलेल्या, ढापलेल्या, उपाशीपोटी स्वीकारलेल्या आणि प्रेमानं जवळ केलेल्या अशा सगळ्या वस्तू एकत्र आहेत. मळ्यावर राबणाऱ्यांना डोंगराकडच्या बाजूला जमिनीचे तुकडे मिळायचे. मालकाचं काम संपवून उरलेल्या वेळात, रविवारी, ते तिथं स्वतःपुरतं कोनफळासारखे कंद, भेंडी, शेंगा पिकवायचे आणि उरलेलं रविवारच्या बाजारात विकायचे. भेंडी आफ्रिकेची, कंद आफ्रिकेचे. ज्यांच्याकडून नाव, भाषा, नातीगोती सगळं हिसकावून घेतलं होतं, त्यांनी त्या तुकड्यांवर आणि तीन दगडांच्या चुलीवर स्वतःचं काहीतरी शिल्लक ठेवलं. मला हे फार मोठं वाटतं. हैतीत तर भोपळ्याचं एक सूप आहे, सूप जुमू. फ्रेंच मालकांसाठी ते गुलाम रांधायचे, पण त्यांना स्वतःला ते खायची मुभा नव्हती. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं आणि तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी घरोघरी तेच सूप होतं. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याची वारसा म्हणून नोंद केली. एवढी वर्षं ते टिकलं, कारण एक तारखेला ते करायचं असतं. पाककृती कुणाच्या कपाटात होती की नाही, यावर ते अवलंबून नव्हतं.

तुमच्या सासूबाई १९६१ मध्ये आल्या, तेव्हा हिरवी केळी आणि कंद मिळवायला किती वणवण करावी लागली असेल, ते त्यांना विचारा. १९६२ च्या जुलैपासून इंग्लंडमध्ये येऊन राहण्याचा कायदा कडक होणार होता, म्हणून त्याआधीच्या दीडदोन वर्षांत जमैकाहून येणाऱ्यांची एकदम गर्दी झाली होती. एकेका घरात चारचार कुटुंबं, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर आणि गॅसच्या मीटरमध्ये नाणं टाकून पेटवायची शेगडी. पंधरा वर्षांच्या मुलीनं तिथं आजीची चव आठवून आठवून उभी केली. ताज्या ॲकीऐवजी डबाबंद ॲकी आली. (ती डबाबंदच वापरा. ॲकीचं फळ झाडावर आपोआप उकललेलं नसेल तर ते विषारी असतं. यात प्रयोग नकोत.) तुम्हाला जे अस्सल जमैकन वाटतं, ते साठ वर्षांपूर्वी बर्मिंगहॅममध्ये जुळवून घेतलेलं आहे. तेव्हा तुमच्या हातून त्यात थोडा फरक पडला, तर परंपरा मोडली असं धरू नका. पण फरक कुठं केला, हे माहीत असायला हवं, एवढा आग्रह मात्र ठेवा.

चवीबद्दल. मी हे खातच नाही, तर जपणार कशी, असं तुम्ही विचारता. नैवेद्याचा स्वयंपाक आठवा. सांगलीच्या घरी गौरी-गणपतीला आईनं सोळा भाज्या केल्या असतील, पुरण घातलं असेल, आणि देवाला दाखवेपर्यंत त्यातलं काही चाखलं नसेल. मीठ हातानं पडलं, पुरण शिजलं की नाही ते उलथनं उभं राहण्यावरून कळलं. न चाखता नेमकं रांधायची सवय तुमच्या घरातच आहे. ती इथं उपयोगी पडेल.

शिवाय जमैकन स्वयंपाकाचा केवढा तरी भाग तुमच्या ताटात सरळ येऊ शकतो. राइस अँड पीज बिनमांसाचा सहज होतो (सुका राजमा आधी दहा मिनिटं चांगला खळखळ उकळायचा, मगच मंद आचेवर ठेवायचा, कच्चट राहिला तर पोट बिघडतं). मक्याच्या पिठाची खीर, तळलेले डंपलिंग, कसाव्याच्या कंदाची बॅमी भाकरी, पिकल्या प्लँटेनचे (शिजवून खायच्या मोठ्या केळ्याचे) काप आहेतच. १९३० च्या दशकात तिथं जो रास्ताफारी पंथ उभा राहिला, त्याच्या अनुयायांचं 'आयटल' जेवण तर बहुतेक ठिकाणी बिनमांसाचं असतं, पुष्कळ घरांत बिनमिठाचंही. नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाज्या, कंद, शेंगा. तेव्हा मांसाहार सोडला की जमैकाचं काही उरत नाही, हे तुमच्या मनातून काढून टाका.

आणि त्या भाज्या जरा निरखून बघा. सासूबाई ज्याला कॅललू म्हणतात तो जमैकातला कॅललू म्हणजे आपला माठ. त्रिनिदादच्या माणसाला कॅललू म्हटलं तर त्याच्या डोळ्यांपुढं अळूची पानं येतात, भेंडी आणि नारळाचं दूध घालून घोटलेली. कोकणातला माणूस ते वाढलेलं बघून फदफदंच म्हणेल. नाताळात गंगो पीज घालून जो भात होतो, ते गंगो पीज म्हणजे तूर. आपल्याकडे डिसेंबरात ओल्या तुरीच्या शेंगा येतात, तिथंही याच दिवसांत गंगो येतो. नाताळातलं लाल सॉरेल सरबत अंबाडीच्या लाल बोंडांचं असतं, आलं घालून रात्रभर मुरवलेलं. हँड्सवर्थच्या सोहो रोडवर भाजी घ्यायला जाल तेव्हा सासूबाईंना सोबत न्या. त्या माठाची जुडी उचलतील आणि एक नाव घेतील, तुम्ही दुसरं घ्याल. एवढ्यावर अर्धा तास सहज बोलणं होईल, आणि त्या अर्ध्या तासात तुम्हाला जे मिळेल ते प्रश्नावली घेऊन बसल्यानं मिळणार नाही.

आता नणंदबाई. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलं, ते साहजिक आहे. पण मी तुमच्या जागी असते तर त्या वाक्याला खोडसाळपणा समजले नसते. इंग्लंडमध्ये वाढलेल्या काळ्या मुलीच्या डब्याला वर्गात नाकं मुरडली गेली आहेत, आणि तेच जेवण पुढं दुसऱ्या कुणीतरी पाकिटात भरून विकलेलं तिनं पाहिलं आहे. २०१८ मध्ये तिथल्या एका नावाजलेल्या शेफनं 'जर्क राइस' नावाचं पाकीट बाजारात आणलं, तेव्हा जमैकन वंशाच्या खासदार डॉन बटलर यांनी त्याच्यावर जाहीर टीका केली होती. जर्क ही मांस मुरवून भाजायची रीत आहे. मळ्यांवरून पळून डोंगरात राहिलेल्या मरून लोकांनी, तिथल्या मूळ तैनो लोकांच्या पद्धतीवरून, पिमेंटोच्या लाकडावर ती घडवली. ब्रिटिश सैन्याशी लढून १७३९ मध्ये ज्यांनी तह करायला भाग पाडलं, त्या माणसांचा तो स्वयंपाक. एवढा इतिहास एका पाकिटावर नुसत्या नावापुरता उरला तर राग येणारच.

तुमचा हेतू तसा नाही, हे मला कळतं. पण हेतू चांगला आहे म्हणून विचारायचं राहून गेलं, असं झालं आहे का, ते तपासा. पुस्तकाची कल्पना तुम्ही नवऱ्याला सांगितलीत, छापखान्याला भाव विचारलात, आणि नणंदेला तिसऱ्याच कुणाकडून कळलं, हे तुमच्याच पत्रात आहे. त्यांना फोन करा. "तुम्हाला विचारायला हवं होतं, माझं चुकलं" एवढं सरळ म्हणा. मग विचारा, यात काय असावं, काय नसावं, नाव कुणाचं असावं. मला विचाराल तर मुखपृष्ठावर सासूबाईंचंच नाव हवं. तुम्ही लिहून घेणाऱ्या. घरच्यांपुरत्या दहा-पंधरा प्रती काढा, समाजमाध्यमांवर काहीही टाकू नका, निदान सासूबाई आणि नणंद दोघींनी मनापासून हो म्हणेपर्यंत. आणि नणंदेकडे एक पदार्थ मागा. ब्लॅक केक त्यांनाच येत असेल कदाचित. रममध्ये महिनोन्‌महिने मुरवलेली सुकी फळं आणि जळकी साखर घालून नाताळात करतात तो. बहुतेक घरांत तो एकाच बाईच्या हातचा चालतो. त्या तुम्हाला तो शिकवतील किंवा नाही शिकवणार. नाही म्हणाल्या तरी तो पदार्थ त्यांच्याकडे सुखरूप आहे, आणि तुम्हाला तेच तर हवं होतं ना?

अधिकाराबद्दल एवढंच सांगते की तो मागून मिळत नाही. तुम्ही त्या घरात बारा वर्षं राइस अँड पीज जेवताय, तुमची मुलगी त्या घराची आहे. ओट्याशी उभं राहायला एवढं पुष्कळ आहे. त्या स्वयंपाकाच्या वतीनं जगाशी बोलायला मात्र पुरेसं नाही.

तुमच्या नवऱ्यावर मात्र मी थोडी रागावले आहे. आईचा स्वयंपाक त्याच्या आईचा, आणि तो जपायची धडपड सुनेची. आपल्याकडे हे नवं नाही. कुळाचार नवऱ्याच्या घराण्याचा, पण त्याचे सोवळ्याओवळ्याचे नियम, नैवेद्याची यादी, कुळधर्माच्या तिथ्या सगळ्या सुनेनं पाठ करायच्या. तुम्ही सांगलीहून बर्मिंगहॅमला जाऊन तेच ओझं नकळत पुन्हा डोक्यावर घेतलंत. "दुकानात मिळतं" असं म्हणून तो मोकळा होतो, कारण तुम्ही आहात. त्याला पुस्तकाबद्दल पटवत बसू नका. काम द्या. खारा मासा त्याच्याकडे. शुक्रवारी रात्री भिजत घालायचा, सकाळी पाणी बदलून उकळायचा, खारटपणा किती उरला ते चाखून बघायचं, काटे काढायचे. चाखायला तुम्हाला जमत नाही आणि त्याला जमतं, तेव्हा हे काम त्याचंच. आईच्या शेजारी उभा राहून काटे काढताना तो तिच्याशी काय बोलेल, ते तुम्ही घडवून आणू शकत नाही. फक्त तुम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात नसा. बाजाराला जा.

मुलीला "ही तुझी संस्कृती आहे" असं सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलीला ते औषधासारखं लागतं. तिला एक ठरलेलं काम द्या आणि ते दुसऱ्या कुणी करायचं नाही, असं घरात जाहीर करा. शनिवारी रात्री राजमा निवडून भिजत घालायचा. ती विसरली तर रविवारी राइस अँड पीज होणार नाही, आणि खरोखर होऊ देऊ नका. आजीनं फोन करून "काय गं, झाले का भिजवून?" असं विचारायचं. दुसरं काम मिरचीवर नजर ठेवायचं. ती स्कॉच बॉनेट भातावर अख्खी तरंगत वाफवायची असते, वास द्यायचा पण फुटायचं नाही. फुटली तर सगळं भांडं तिखटजाळ. मुलांना अशी जोखमीची कामं फार आवडतात. बाकी सहा दिवस तिनं पास्ता खाल्ला तरी माझी काही हरकत नाही.

असाच पेच इकडे महाराष्ट्रातही पुष्कळांचा असतो. आगरी घरात आलेली देशावरची सून, वऱ्हाडी सासरी गेलेली कोकणी मुलगी, किंवा लग्नाचा संबंध नसतानाही, दोन खोल्यांच्या घरात आजीचं पाटा-वरवंट्याचं वाटण मिक्सरवर आणताना अडखळलेला नातू. तुम्हा सगळ्यांना एक सुचवते. सगळा स्वयंपाक वाचवायला निघू नका. घरातल्या प्रत्येकानं एकच पदार्थ घ्यावा आणि तो महिन्यातून एकदा, ज्याच्याकडून शिकायचा त्याच्यासमोर करावा. चाळीस कृती लिहून कपाटात गेल्या तर त्या वर्षभरात विसरल्या जातात. चार पदार्थ चार हातांत बसले तर ते तिसऱ्या पिढीपर्यंत जातात, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे. माझ्या आत्याच्या पदार्थांची मोठी वही माझ्याकडे आहे, आणि त्यातले मला येतात ते तीनच, जे तिनं मला स्वतः करायला लावले होते.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येते. आईचा गोडा मसाला.

ती ओळ वाचल्यावर तुमच्या पत्रातली घाई मला कळली. वाढदिवस, छापखाना, प्रश्नचिन्हं. सासूबाईंच्या बाबतीत तरी राहून जाऊ नये, असं तुमच्या मनानं घेतलं आहे. त्यात गैर काही नाही. पण त्या घाईचा भार सासूबाईंवर पडतो आहे. त्यांना समोर वही दिसते तेव्हा आपल्यानंतरची तयारी चाललेली दिसत असणार. त्या प्रमाण सांगत नाहीत, त्यामागं हेही असेल.

गोडा मसाला पूर्ण गेलाय असं इतक्यात धरू नका. तुमची मावशी आहे, मामी आहे. आईबरोबर उन्हाळ्यात धणे-खोबरं भाजायला शेजारची कुणीतरी बसत असेल. त्यांना फोन करा. दगडफूल किती, खोबरं कितपत भाजायचं, प्रत्येकीचं उत्तर वेगळं येईल. तीनदा करून बघा, चौथ्यांदा कधीतरी आमटीच्या वाफेत आई ओळखू येईल. तो मसाला बाटलीत भरून सासूबाईंच्या ओट्यावरही ठेवा. त्या घरात एकाच आजीचा वारसा जपला जातोय असं तुमच्या मुलीला वाटायला नको.

तुमच्या पत्रातल्या ब्लू ड्रॉअर्स या पदार्थाचं शेवटी घेते, कारण त्याबद्दल मला थोडी काळजी वाटते. सासूबाई एकदाच बोलून गेल्या की त्यांची आजी केळीच्या पानात बांधून ब्लू ड्रॉअर्स करायची. त्यांनी स्वतः ते कधीच केलं नाही. तुम्ही आता इंटरनेटवर बघून वाढदिवसाला ते करून त्यांना चकित करणार आहात. कृपा करून असं करू नका. त्या काळात कितीतरी मुलं आजीच्या भरवशावर मागं राहिली आणि मग एक दिवस जहाजात किंवा विमानात बसवून आईवडिलांकडे पाठवली गेली. पंधरा वर्षं जिनं वाढवलं, तिचं पुढं काय झालं, त्या तिला पुन्हा भेटल्या का, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. तुम्हालाही ठाऊक नसावं. साठ वर्षं एखादी बाई एखादा पदार्थ करत नाही, तेव्हा त्याचं कारण साहित्य मिळत नाही एवढंच असेल असं नाही. पंचवीस माणसांसमोर ते ताट तिच्यापुढं ठेवायचं का?

त्याऐवजी असं करा. ब्लू ड्रॉअर्सचं दुसरं नाव डकूनू. घाना देशातल्या अकान लोकांच्या भाषेत पानात गुंडाळून शिजवलेल्या मक्याच्या गोळ्याला डोकोनो म्हणतात, त्यावरून ते नाव आलं. मक्याचं पीठ किंवा किसलेलं हिरवं केळं, नारळ, साखर, मसाला, सगळं केळीच्या पानात बांधून उकडायचं. वाचतानाच तुम्हाला पातोळ्या आठवल्या असतील. एखाद्या साध्या दुपारी, कुणी पाहुणे नसताना, पातोळ्या करा. हळदीची पानं तिकडे सहज मिळणार नाहीत, पण केळीची मिळतील. तांदळाचं पीठ, खोबरं, गूळ, वेलची. वही बाहेर काढू नका. सासूबाईंना खुर्चीवर बसवा आणि सांगा की हे माझ्या माहेरचं आहे, नागपंचमीला करतात, माझी आई करायची. आईबद्दल जे सांगावंसं वाटेल ते सांगा. पान उलगडल्यावर जी वाफ येईल ती त्यांना घेऊ द्या. त्या काही बोलल्या तर ऐका. गप्प राहिल्या तर तुम्हीही गप्प बसून खा, आणि पुन्हा महिन्याभरानं करा. जमैकात डकूनूची पुडी नुसती दुमडत नाहीत, केळीच्या सोपाच्या दोरीनं गच्च बांधतात, म्हणून त्याला "टाय अ लीफ" असंही म्हणतात. तुमची दुमडलेली पातोळी बघून कधीतरी त्यांच्या तोंडून येईल की आमच्यात असं नसतं, बांधायचं असतं. तेव्हासाठी ओट्यावर एक जास्तीचं पान आणि दोरा काढून ठेवा.